एकाच नावाची गावे

गतवर्षी आमच्या चिरंजीवांची मुंज झाली. वडगावच्या आत्याबाईंना निमंत्रणपत्रिका धाडण्याचे काम माझ्याकडे होते. लखोट्यावर ‘मु. वडगाव, जि. पुणे’ एवढेच लिहून मी निश्चिंत झालो. मुंज लागली, आत्याबाई आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी तो लखोटा नाना शिक्के अंगावर मिरवीत आमच्याच दारी परत आला. तोवर ‘भाच्याला आपली आठवण उरली नाही’ असे त्या माउलीने मनाशी ठरवून टाकले होते.

दोष टपालवाल्यांचा नव्हे, माझा. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव निंबाळकर आहे, वडगाव रासाई, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्दही आहे!

इतकी वडगावे झाली कशी? आपल्या पूर्वजांनी गावाला नाव ठेवले ते स्वतःसाठी, परक्यासाठी नव्हे. वेशीवर वड दिसला, वडगाव झाले. पिंपळ दिसला, पिंपळगाव झाले. बाभळी होत्या तेथे बाभुळगाव वसले. दहा कोसांपलीकडे दुसरा वड आणि दुसरे वडगाव आहे, याची अडचण नांगर धरणाऱ्यास कधी भासली नाही. ती भासली दप्तर राखणाऱ्यास. मग कोठे प्रांताचे, कोठे घराण्याचे नाव मागे जोडले गेले. ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’ शब्दाचा अपभ्रंश, अर्थ थोरले. ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. घरात थोरली पाती व धाकटी पाती असावी, तसेच हे.

टपालाचा व्याप वाढला तेव्हा एवढ्यानेही भागेना. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिले तीन आकडे पत्राला योग्य त्या विभागात नेतात, शेवटचे तीन नेमक्या टपालकचेरीत. तेच सहा आकडे लिहिण्याचा मी आळस केला होता!

तो लखोटा घेऊन मी स्वतः वडगाव निंबाळकरास गेलो. शिक्के पाहून आत्याबाई हसल्या, राग निवळला. परंतु नातवाला पहिली भिक्षा घालण्याची त्यांची हौस राहिली ती राहिलीच. तेव्हा वाचकहो, सासरी गेलेल्या लेकीबहिणींच्या गावांची नावे आजच वहीत पूर्ण लिहून ठेवा; आडनावासकट आणि आकड्यांसकट.