सिल्लोडचे मृत्युपत्र कोणत्या दारी शोधावे?

सिल्लोड तालुक्यात, अजिंठा गावी, पारोची कबर आहे. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या रॉबर्ट गिलची ही प्रिया. शिलालेखात तिचे नाव आणि 23 मे 1856 हा मृत्युदिन आहे. इतिहासप्रेमी तरुण छायाचित्र घेऊन परततात. दगड मृत्यू सांगतो. माणसाचे काय होते आणि ते कोणाला द्यावेसे वाटले, हे सांगणारा कागद म्हणजे मृत्युपत्र, आणि त्याच्या शोधात सहसा कोणी निघत नाही.

निघालाच तर तो थेट न्यायालयात जातो. ‘मृत्युपत्र कोर्टात असते’ ही समजूत मूळची मुंबईची. 1870 च्या हिंदू विल्स कायद्याने प्रोबेटची सक्ती आपल्याकडे मुंबई शहरापुरती आणली. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानेही तीच रेघ राखली. सिल्लोड तर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इकडचे मृत्युपत्र पेटीत राही, फार तर नोंदणी कचेरीत जाई. भावाभावांत भांडण लागले तरच ते न्यायाधीशापुढे येई.

पुणेही त्या रेघेबाहेरच होते. जोतीराव फुल्यांनी 10 जुलै 1887 रोजी केलेले मृत्युपत्र आज त्यांच्या समग्र वाङ्मयात वाचता येते. दत्तक पुत्र यशवंत विद्वान न होता उनाड निघाल्यास मिळकत माळी, कुणबी, धनगर आदी समाजांतील होतकरू मुलाकडे जावी, असे त्यात आहे. रक्ताच्या वारसाहक्काला दिलेला एवढा थेट नकार त्यांच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. हा कागद नाहीसा झाला असता तर?

1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 57 या बाबतीत फार शहाणे आहे. नोंदवलेली मृत्युपत्रे दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये उतरवली जातात. करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर ती कोणीही मागू शकतो. वारस असण्याची अट नाही. मृत्यूचा पुरावा, नाव, अंदाजे वर्ष आणि शुल्क एवढ्यावर काम भागते. मात्र नोंदणी ऐच्छिक असल्याने सूचीत नाव नसले, तर मृत्युपत्रच नव्हते असा निष्कर्ष काढू नये.

न्यायालयाची पाळी त्यानंतर. प्रोबेट दिलेले मूळ मृत्युपत्र न्यायालयाच्या अभिलेखात जपले जाते. दाव्यात पुरावा म्हणून आलेले मात्र निशाणी क्रमांकाखाली सापडते, आणि निकालानंतर मूळ कागद पक्षकाराने परत नेलेला असू शकतो. नक्कल अर्जासाठी दावा क्रमांक व वर्ष हवे. त्रयस्थाला कारणही द्यावे लागते. साक्षीपुरावे मात्र सोडू नयेत. मुलीला का वगळले, म्हातारपणी कोणी सांभाळले, हे मृत्युपत्रापेक्षा उलटतपासणीतच अधिक उघड होते.

खरी अडचण लिपीची आहे. निजामी अमलाचे सरकारी दफ्तर उर्दूत, तेही बहुधा शिकस्ता वळणाचे. मोडी शिकण्याचा उत्साह आज महाराष्ट्रभर दिसतो, आणि तो स्तुत्यच आहे. पण मराठवाड्यातील दफ्तरापुढे एकटी मोडी अपुरी पडते. सिल्लोडच्या आजोबा-पणजोबांचे कागद वाचायचे असतील, तर या पिढीतील काहींना उर्दू हस्ताक्षर शिकावेच लागेल, आणि ते शिकवू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवरच.