हेलपाटा वाचवणारी दहा मिनिटे

रमजान लागला की चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, देसाईगंज इथल्या मुस्लिम घरांत भिंतीवर एक वेळापत्रक लागते. सहरी, म्हणजे रोजापूर्वीचे पहाटेचे खाणे, केव्हा थांबवायचे आणि इफ्तार, म्हणजे रोजा सोडणे, केव्हा करायचे, हे त्यावर तारीखवार छापलेले असते. मुंबईचे वेळापत्रक इथे चालत नाही. पूर्वेकडच्या या भागात सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो आणि मावळतोही तितकाच आधी. महिनाभर अख्खे घर मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवते. एरवी आठ वाजले तरी अंथरुणात लोळणारा मुलगा पहाटे ताटावर बसलेला दिसतो. मग ईद होते, शिरखुर्मा संपतो आणि आठवडाभरात तो हिशेबही सुटतो. असे का होते, याचा विचार रमजान सुरू असतानाच व्हायला हवा.

या महिन्यात शिस्त टिकते, त्याची कारणे अगदी साधी आहेत. वेळ ठरलेली असते, तयारी आदल्या रात्री झालेली असते आणि घरातले सगळे सोबत असतात. कणीक मळून ठेवलेली, खजूर काढून ठेवलेले, पाणी भरलेले. पहाटे शोधाशोध करायला सवडच नसते, म्हणून रात्रीच सगळे जागच्या जागी लागते.

जंगलालगतच्या गावांना ही रीत नवी नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. अलीकडच्या काही वर्षांत तो मोहफुलांच्या हंगामाच्या आसपास आला आहे. मोहाची फुले उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. ज्याने आदल्या दिवशी झाडाखालचा पालापाचोळा झाडून ठेवला, त्याची टोपली लवकर भरते. वाघाच्या भीतीने अंधारात, एकट्याने जंगलात जाणे धोक्याचे असते. त्यामुळे उजाडल्यानंतरचा तेवढाच वेळ हाती उरतो आणि आदल्या दिवसाच्या तयारीचे मोल आणखी वाढते. झाडायचा कंटाळा म्हणून कुणी पाला पेटवून देतो. तासभर वाचल्यासारखे वाटते, पण आग पसरली तर वणवा साऱ्या गावाचे नुकसान करतो. वेळ वाचवणे आणि काम टाळणे यांतला फरक इथे दिसतो.

नेमाची ताकद किती असते, हे गडचिरोलीनेच जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. ठरलेल्या दिवशी जायचे, बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे आणि लगेच नोंद करायची. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण. गरज पडली तर उपचारही त्याच करत. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा या कामाचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. एक मिनिट श्वास मोजणे फार कठीण नाही. प्रत्येक घरी, ठरल्या दिवशी, न चुकता मोजणे कठीण आहे.

घरच्या कामांनाही हेच लागू पडते. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर आहे. एक झेरॉक्स विसरली की एक हेलपाटा, एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे गेले. वनहक्काच्या दाव्याचेच पाहा. २००६ च्या कायद्यानुसार बिगर आदिवासी पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात, पण आजोबांच्या काळचा कागद हाताशी असला तर दावा भक्कम होतो. तो कागद ट्रंकेत कपड्यांखाली कुजला, तर पुन्हा मिळेलच असे नाही.

त्यासाठी फार काही लागत नाही. रोज रात्री, तरावीहची नमाज आटोपल्यावर किंवा जेवण झाल्यावर दहा मिनिटे काढावीत. तेवढा वेळ मोबाइल दूर ठेवावा. घरातले सगळे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि पिशवीची जागा ठरवावी. अर्ज दिला की पोच मागून घ्यावी, तिची तारीख वहीत लिहावी. उद्या तालुक्याला जायचे असेल तर काय काय न्यायचे ते आजच लिहून पिशवी दाराशी ठेवावी. हे काम एकट्या आईच्या गळ्यात पडता कामा नये. शाळेत जाणारी मुले वही सांभाळू शकतात.

मात्र सगळा वेळ सामान्य माणसाच्या आळसानेच वाया जातो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, याची माहिती कार्यालयात फलकावर लावणे त्यानुसार बंधनकारक आहे. लागणाऱ्या कागदांची यादी त्या फलकाशेजारी ठळक अक्षरांत असली आणि पहिल्याच खेपेला ती पूर्ण सांगितली गेली, तर कितीतरी माणसांचा दिवस वाचेल. रोजेदार एका मिनिटाचाही मान राखतो. खिडकीपलीकडच्यांनी समोरच्याच्या एका दिवसाचा मान राखावा, ही अपेक्षा मोठी नाही.

थोडे करा, पण नेमाने करा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. ईदनंतर दहा सवयी लावायला गेले तर एकही टिकणार नाही. रमजानमधली एकच सवय पुढे न्यावी, ती म्हणजे उद्याची तयारी आज रात्री करण्याची. तिची वेळ आताच ठरवावी आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी.