विश्लेषण : डोक्यावर हेल्मेट आले, पण ब्रेकचे काय? दुचाकी वेळेत थांबते कशी?

नाशिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली. तेव्हापासून शहरात दुचाकीच्या सुरक्षेची चर्चा बहुतांशी हेल्मेटभोवतीच फिरत राहिली आहे. हेल्मेट गरजेचे आहेच, पण त्याचे काम दुचाकीस्वार पडल्यानंतर सुरू होते. तो पडूच नये यासाठी गाडीत दोन ब्रेक, क्लच, गिअर, आरसे आणि नव्या गाड्यांत एबीएस किंवा सीबीएस अशी यंत्रणा असते. ती नीट कशी वापरायची, हे बहुतेकांना कुणी शिकवलेलेच नसते. सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे करण्याचा मसुदा केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये काढला, त्यानिमित्ताने हा प्रश्न समजून घेऊ.

नाशिकची मोहीम काय होती?

तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांच्या काळात ही मोहीम सुरू झाली. हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल द्यायचे नाही, असा हा नियम होता. पुढे विनाहेल्मेट चालकांना नाशिक फर्स्ट संस्थेच्या ट्रॅफिक एज्युकेशन पार्कमध्ये दोन तासांच्या समुपदेशनासाठी पाठवले जाऊ लागले. त्याआधी २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी राज्यभरासाठी असाच निर्णय जाहीर केला होता. पंपचालकांच्या विरोधानंतर तो मागे पडला.

या मोहिमांची मर्यादा उघड आहे. पंपावर शेजारच्याचे हेल्मेट मागून डोक्यावर ठेवले की टाकी भरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मात्र हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेले असणे आवश्यक आहे, आणि ही अट मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. कलम १९४ ड मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच असणे बंधनकारक झाले आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ७४ हजार ८९७ जण, म्हणजे ४४.५ टक्के, दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती. त्यांतले १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते.

दुचाकीवरील मृतांपैकी साधारण दोन तृतीयांश जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, म्हणजे हेल्मेटचा आग्रह योग्यच आहे. मात्र उरलेल्या जवळपास २५ हजार मृत्यूंचे उत्तर एकट्या हेल्मेटमध्ये सापडत नाही. त्यासाठी धडकेच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत काय घडते, ते पाहावे लागते.

पुढचा ब्रेक धोकादायक असतो का?

‘पुढचा ब्रेक दाबू नको, गाडी उलटेल’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. त्यात अर्धेच सत्य आहे.

गाडीचा वेग कमी होऊ लागला की गाडीचे आणि बसलेल्यांचे वजन पुढच्या चाकाकडे सरकते. पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. ज्या चाकावर भार जास्त, त्याची रस्त्यावरची पकड जास्त. त्यामुळे जोरात थांबताना बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. मागच्या हलक्या चाकावर जोराचा ब्रेक लावला, तर ते लॉक होऊन फरपटते आणि गाडीची शेपटी आडवी होते.

पुढच्या ब्रेकने गाडी घसरते, पण ती ठरावीक परिस्थितीत. हँडल वळलेले असताना, खडी, वाळू किंवा चिखलावर, किंवा घाबरून लिव्हर एकदम आवळल्यावर तसे होते. त्यामुळे पुढचा ब्रेक टाळणे हा उपाय नाही. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब क्रमाक्रमाने वाढवत लावणे हा उपाय आहे.

फरक किती पडतो?

ढोबळ गणित करून पाहता येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोरचा धोका दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले, तर त्यापुढे साधारण २३ मीटरमध्ये गाडी थांबते. म्हणजे एकूण ४० मीटर. फक्त मागचा ब्रेक वापरला, तर वेग कमी होण्याचा दर जवळपास निम्मा होतो आणि एकूण अंतर ६३ मीटरवर जाते.

हा फरक साधारण दोन एसटी बसच्या लांबीइतका आहे. त्याचा अर्थ आणखी एका प्रकारे पाहता येतो. दोन्ही ब्रेक लावणारा ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेला असतो, त्याच ठिकाणी फक्त मागचा ब्रेक लावणाऱ्याची गाडी अजून ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगात असते. द्वारका चौकाकडे येताना समोरची रिक्षा अचानक थांबली, तर एक जण वाचतो आणि दुसरा धडकतो, तो याच फरकामुळे.

आणीबाणीत हातापायांचा क्रम कसा असावा?

गिअरच्या मोटारसायकलवर उजव्या हाताकडे रेस आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायाकडे मागचा ब्रेक, डाव्या हाताकडे क्लच आणि डाव्या पायाकडे गिअर असतो. घाबरलेला चालक अनेकदा आधी क्लच दाबतो. क्लच दाबताच इंजिन चाकापासून सुटते आणि इंजिनामुळे मिळणारा रोध जातो.

योग्य क्रम असा : रेस सोडायची, दोन्ही ब्रेक लावायचे, नजर समोर ठेवायची आणि गाडी थांबण्याच्या बेतात आली की क्लच दाबायचा. स्कूटरवर क्लच नसतो. तिथे उजवा लिव्हर पुढच्या आणि डावा मागच्या ब्रेकचा असतो. मोटारसायकल सोडून स्कूटर घेतली की हातांची सवय बदलावी लागते. गिअरचेही तसेच आहे. काही शंभर सीसी गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, तर इतर अनेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. दुसऱ्याची गाडी घेताना हे आधी विचारलेले बरे.

घाट उतरतानाही हेच तत्त्व लागू होते. सप्तशृंग गडावरून किंवा कसारा घाटातून पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरवणे महागात पडू शकते. सगळा भार ब्रेकवर येतो, सतत दाबून ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये उतरले तर इंजिनच वेग धरून ठेवते.

सीबीएस आणि एबीएस म्हणजे काय?

सीबीएस म्हणजे दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी यंत्रणा. मोटारसायकलवर पायाचा ब्रेक दाबला, किंवा स्कूटरवर डावा लिव्हर ओढला, की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. ज्यांना पुढचा ब्रेक वापरायची सवय नाही, त्यांच्यासाठी ही सोय उपयोगी आहे. पण सीबीएस चाकाला लॉक होण्यापासून रोखत नाही आणि पुढच्या लिव्हरची पूर्ण ताकदही वापरत नाही. म्हणून सीबीएस असली तरी पुढचा ब्रेक वापरावाच लागतो.

एबीएसमध्ये चाकाजवळच्या सेन्सरकडून चाकाच्या फिरण्याचा वेग सतत मोजला जातो. चाक लॉक होऊ लागले की यंत्रणा ब्रेकमधला दाब क्षणभर कमी करते आणि पुन्हा वाढवते. सेकंदाला अनेक वेळा हे घडते. त्यामुळे चाक फिरत राहते आणि गाडीचा तोल टिकतो. अशा वेळी लिव्हर थरथरल्यासारखा वाटतो. तो बिघाड समजून ब्रेक सोडायचा नसतो, दाब कायम ठेवायचा असतो.

सिंगल चॅनल एबीएस सामान्यतः पुढच्या चाकापुरते असते. त्या गाड्यांत मागचे चाक लॉक होऊ शकते. ड्युअल चॅनल दोन्ही चाकांवर काम करते. एबीएस असले तरी भर वळणावर करकचून ब्रेक लावणे धोक्याचेच असते, आणि सैल खडीवर थांबायला अंतर जास्त लागू शकते.

अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासात एबीएस असलेल्या मोटारसायकलींच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण, एबीएस नसलेल्या त्याच मॉडेलच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले होते.

नियम काय सांगतो?

१ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींपैकी १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालील गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस आवश्यक झाले. जून २०२५ च्या मसुद्यात १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या सर्व दुचाकींना, इंजिन कितीही लहान असले तरी, एबीएसचा प्रस्ताव होता. गाडीसोबत दोन आयएसआय हेल्मेट देण्याचाही त्यात समावेश होता. कमी किमतीच्या गाड्या महाग होतील, हा उत्पादकांचा मुख्य आक्षेप.

असा नियम नव्या गाड्यांपुरता असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, कॉलेजचे विद्यार्थी आणि भाजीपाला घेऊन येणारे शेतकरी यांच्याकडच्या २०१९ पूर्वीच्या अनेक गाड्यांत एबीएस नाही आणि सीबीएसही नाही. तिथे चालकाचा हात हीच यंत्रणा आहे.

आणखी एक तरतूद अनेकांच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत आपोआप सुरू राहतो. ‘लाइट चालू आहे’ असा हाताने इशारा करणारे आजही भेटतात. पण तो विसरून राहिलेला नसतो. समोरच्याला दुचाकी लवकर दिसावी, यासाठीच तो असतो.

मग हे शिकवले कुठे जाते?

शिकाऊ परवान्यासाठी १५ प्रश्नांपैकी ९ बरोबर यावे लागतात. पक्क्या परवान्याच्या चाचणीत काय तपासावे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ मध्ये दिले आहे. आणीबाणीत वाहन थांबवता येणे हा त्याचाच भाग आहे. पण दुचाकीची चाचणी म्हटली की पेठ रोडच्या आरटीओत जाणाऱ्या उमेदवाराच्या डोळ्यांसमोर येतो तो इंग्रजी आठचा आकडा. त्यात संथ वेगातला तोल दिसतो. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी सरळ रेषेत थांबवता येते का, हे त्यातून कळत नाही.

शोरूममध्येही फारसे वेगळे घडत नाही. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, हार घातलेल्या गाडीसोबत फोटो निघतो. गाडीला सीबीएस आहे की एबीएस, आणि ब्रेक दाबल्यावर नेमके काय होते, हे गाडी ताब्यात देताना दहा मिनिटांत दाखवता येईल. ग्राहकाने ते मागून घ्यायला हवे.

चालकाने आजपासून काय करावे?

पहिले, आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे ते मॅन्युअलमध्ये पाहावे. एबीएस असेल तर चावी फिरवल्यावर मीटरवर त्याचा दिवा लागतो आणि गाडीने थोडा वेग घेतला की विझतो. तो विझत नसेल तर यंत्रणा बंद आहे असे समजून गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी.

दुसरे, मोकळ्या, कोरड्या, सरळ जागी हेल्मेट घालून ताशी २० किलोमीटरपासून दोन्ही ब्रेकचा सराव करावा आणि वेग हळूहळू वाढवावा. ऐन वेळी डोके विचार करत नाही, हात सवयीने चालतात.

तिसरे, निघण्यापूर्वी मिनिटभर गाडी पाहावी : टायरमधली हवा आणि नक्षी, दोन्ही ब्रेकचा दाब, ब्रेक लाइट, इंडिकेटर, आरसे, साइड स्टँड. आरसे काढून ठेवणे म्हणजे मागचे दिसणे स्वतःहून बंद करणे.

चौथे, पावसात अंतर दुप्पट ठेवावे. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र येऊन डांबर सर्वांत निसरडे होते. पिंपळगाव, लासलगावच्या बाजूला ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल रस्त्यावर येतो. अशा पट्ट्यावर शिरण्याआधीच वेग कमी करावा, पट्ट्यावर असताना ब्रेक लावू नये.

पाचवे, सोबत चार वर्षांखालील मूल असेल तर वेगळा नियम आहे. फेब्रुवारी २०२३ पासून अशा मुलासाठी चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा आणि मूल नऊ महिन्यांहून मोठे असेल तर त्याच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

हेल्मेट घातले आहे की नाही, हे चौकातल्या पोलिसाला दिसते, म्हणून त्यावर कारवाई होऊ शकते. पुढचा ब्रेक कुणाला वापरता येतो, हे सिग्नलवर उभे राहून कुणालाच दिसत नाही. ते तपासण्याची जागा परवान्याची चाचणी आहे, आणि नियमात ती तरतूद आधीपासूनच आहे.