सकाळी पापण्या उघडत नाहीत, एकाचे दोन दिसतात: मण्यारचा दंश डोळ्यांत का दिसतो?

पावसाळ्यातली एक पहाट. शेतातल्या वस्तीवर जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला तरुण पोटात दुखतंय म्हणून उठतो. घरचे ओवा देतात, अ‍ॅसिडिटीची गोळी देतात. तासाभरात तो सांगतो, "डोळे उघडत नाहीत, दिवा दोन-दोन दिसतोय." झोप झाली नसेल, अशक्तपणा असेल, असं सगळ्यांना वाटतं. अंगावर जखम नाही, सूज नाही. साप तर कोणी पाहिलेलाच नाही.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या ग्रामीण डॉक्टरांना विचारा, ते लगेच ओळखतील. मण्यार चावल्याचं हे ठरलेलं चित्र आहे. या चित्रातली सगळ्यात महत्त्वाची खूण पायावर किंवा हातावर नसते, ती डोळ्यांत असते. ती वेळेत ओळखली तर माणूस वाचतो. डोळ्यांत थेंब टाकून झोपवलं, तर पुढच्या काही तासांत श्वास थांबू शकतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात बिबट्या दिसला की बातमी होते, व्हिडिओ व्हायरल होतो. घरात शिरून झोपेत चावणाऱ्या सापाची तितकी चर्चा होत नाही. देशपातळीवर मात्र गेल्या काही वर्षांत सर्पदंशाबद्दल बरंच काही बदललंय. ते काय आहे आणि वस्तीवरच्या माणसापर्यंत त्यातलं काय पोहोचायला हवं, ते समजून घेऊ.

चावली तरी कळत का नाही?

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरशाचं विष मुख्यतः रक्तावर परिणाम करतं. चावलेला भाग सुजतो, प्रचंड दुखतो, रक्त गोठायचं थांबतं. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर घाव घालतं. त्यातही नाग चावला की त्या जागी सूज आणि वेदना असतात, त्यामुळे निदान कळतं तरी.

मण्यारचं तसं नाही. ती रात्री फिरते. उंदीर, पाली आणि इतर लहान साप खायला घरात, गोठ्यात, सरपणाच्या ढिगात येते. तिचे दात बारीक असतात. झोपेत चावली तर डास चावल्यासारखं वाटतं किंवा जागही येत नाही. दाताच्या खुणा अनेकदा सापडत नाहीत. जागेवर सूज नसते.

म्हणूनच रुग्ण दवाखान्यात येतो तो पोटदुखी, उलटी, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं अशा तक्रारी घेऊन. "साप चावला का?" असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो.

मग विष डोळ्यांतच आधी का दिसतं?

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. नस आणि स्नायू यांच्यामध्ये एक अगदी बारीक फट असते. नसेच्या टोकाला साठवलेलं रसायन त्या फटीत सुटतं, स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं आणि स्नायू आकुंचन पावतो. नाग आणि मण्यार यांचं विष याच सांध्यावर वार करतं.

पण दोघांची पद्धत वेगळी आहे. हे रसायन म्हणजे किल्ली आणि स्नायूवरची जागा म्हणजे कुलूप, असं समजा. नागाचं विष कुलपात काडी अडकवून ठेवतं. काडी निघाली की कुलूप पुन्हा चालतं. मण्यारचं विष किल्ल्या जिथे ठेवल्या आहेत ती नसेची टोकंच उद्ध्वस्त करतं. ती टोकं नव्याने तयार व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात.

आता डोळ्यांचं. प्रत्येक डोळा फिरवायला सहा छोटे स्नायू असतात आणि वरची पापणी उचलून धरायला आणखी एक. जागे असताना आपली पापणी सतत वर धरलेली असते, म्हणजे त्या स्नायूला विश्रांती नसते. डोळ्यांच्या स्नायूंमध्ये हा हुकूम पोहोचवण्याची राखीव ताकदही कमी असते. हुकमात थोडी जरी तूट आली तरी मांडीचा स्नायू निभावून नेतो, पापणी मात्र खाली येते.

दोन्ही डोळ्यांचे स्नायू एकमेकांशी जुळवून चालले नाहीत की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. म्हणजे "दोन-दोन दिसतंय" ही तक्रार नजर कमजोर झाल्याची नाही. डोळा ठीक आहे, बुबुळाला मिळणारा हुकूम तुटतोय.

यानंतर अर्धांगवायू साधारण वरून खाली उतरतो. पापण्या पडतात, बुबुळ फिरत नाही, बोलणं अस्पष्ट होतं, लाळ गिळता येत नाही, मान उचलता येत नाही आणि शेवटी छातीचे स्नायू थकतात. मण्यारचा दंश झालेला माणूस दगावतो तो बहुतेक वेळा श्वास बंद पडल्याने. पापणी पडणं आणि श्वास अडखळणं यांच्यात जो वेळ मिळतो, तोच उपचाराचा वेळ आहे.

पण पापणी पडण्याची कारणं इतरही असतात ना?

असतात, आणि त्यामुळेच गोंधळ होतो. अर्धांगाच्या झटक्यातही अचानक दोन-दोन दिसू शकतं. पण तिथे बऱ्याचदा चेहऱ्याची किंवा शरीराची एकच बाजू लुळी पडते. जुन्या मधुमेहात डोळ्याची एखादी नस कमजोर होऊन सहसा एकाच डोळ्याची हालचाल अडते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात दोन्ही पापण्या पडू शकतात. पण तो त्रास आठवडे-महिने चाललेला असतो आणि संध्याकाळी वाढतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारी सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली होती. त्या आजाराच्या एका प्रकारात डोळ्यांची हालचाल बंद होते. पण त्याआधी जुलाब किंवा सर्दी-तापासारखा संसर्ग होऊन गेलेला असतो आणि लक्षणं काही दिवसांत वाढतात.

मण्यारच्या दंशात घड्याळ वेगाने फिरतं. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी दोन्ही पापण्या पडलेल्या अवस्थेत उठतो. पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि दोन्ही पापण्या, हे एकत्र आलं तर साप पाहिलेला नसला तरी सर्पदंश आहे असं धरूनच चालायचं.

यातली कोणतीही शक्यता असो, घरी करायची गोष्ट एकच. अचानक दोन दिसायला लागलं किंवा पापणी पडली तर चष्म्याच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये जायचं नाही. थेट रुग्णालय गाठायचं.

दवाखान्यात काय तपासतात?

सर्पदंशात काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठतं का हे पाहतात. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर ही चाचणी फार उपयोगी पडते. पण मण्यार आणि नागाच्या दंशात रक्त सहसा नीट गोठतं. म्हणून "रक्त चांगलं आहे, घरी जा" हा निष्कर्ष इथे जिवावर बेतू शकतो.

मण्यारसाठीची चाचणी साधी आहे, तिला मशीन लागत नाही. रुग्णाला वर बघायला सांगून पापण्या हळूहळू खाली येतात का ते बघतात. बोट फिरवून बुबुळं त्याच्यामागे जातात का, मान उशीवरून उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे पाहतात. मोजलेले आकडे दर वेळी कमी होत गेले तर श्वास धोक्यात आहे. सुरुवातीला काहीच लक्षण नसलं तरी संशयित रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवतात, कारण मण्यारची लक्षणं उशिरा उमटू शकतात.

इंजेक्शन दिलं की झालं?

आपल्याकडे चारही सापांसाठी एकच प्रतिविष वापरतात, अँटीस्नेक व्हेनम किंवा एएसव्ही. लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला त्याची मात्रा सारखीच लागते, कारण साप वय बघून विष टोचत नाही.

पण मण्यारच्या बाबतीत एक गोष्ट नातेवाइकांना माहीत असायला हवी. एएसव्ही रक्तात फिरणारं विष निकामी करतं. मोडलेली नसेची टोकं ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं, आणि उशीर झाला तर पापण्या लगेच उघडल्या नाहीत म्हणून उपचार फसला असंही नाही. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन हे औषध अनेकदा झपाट्याने गुण देतं, मण्यारच्या दंशात त्याचा उपयोग बहुधा होत नाही. तिथे जीव वाचवतो तो कृत्रिम श्वास. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत हाताने दाबायच्या अँबू बॅगवरही रुग्णाचा श्वास चालू ठेवता येतो.

शेवटच्या टप्प्यात डोळे आणखी एक फसवी खूण दाखवतात. बुबुळं हलत नाहीत, बाहुल्या मोठ्या होतात, प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, हातपाय निपचित पडतात. पाहणाऱ्याला वाटतं, सगळं संपलं. पण हा स्नायूंचा लकवा असतो. मेंदू जागा असू शकतो, आजूबाजूचं बोलणं रुग्णाला ऐकू येत असू शकतं. असे रुग्ण मेंदूमृत वाटल्याच्या आणि नंतर बरे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मेंदूला प्राणवायू मिळत राहिला असेल, तर काही दिवस व्हेंटिलेटरवर काढून माणूस चालत घरी जाऊ शकतो.

सरकार काय करतंय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने अंदाज काढला की २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. कर्नाटकाने हा निर्णय त्याआधीच, त्याच वर्षी घेतला होता.

नोंदीला इतकं महत्त्व का? कारण कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एएसव्हीच्या किती कुप्या लागतील, हे नोंदीशिवाय ठरवता येत नाही. जो मृत्यू पोटदुखी किंवा अज्ञात कारण म्हणून कागदावर जातो, तो या हिशेबात येतच नाही. कुटुंबाचंही नुकसान होतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सर्पदंशाने झालेल्या मृत्यूसाठी २ लाख रुपयांची मदत आहे. पण त्यासाठी मृत्यू सर्पदंशाने झाला हे आधी कागदावर यावं लागतं.

अहिल्यानगरचा प्रश्न अंतराचा

१७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा, तालुके १४. अकोल्याहून जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर. उसाच्या पट्ट्यात माणसं गावठाणापेक्षा शेतातल्या वस्तीवर राहतात. ऊसतोड मजूर हंगामात कोपीत, जमिनीवर झोपतात. भोवती ऊस, पाचट आणि त्यात उंदीर. पहाटे चार वाजता पापणी पडली तर पहिला दवाखाना कोणता, हा इथला खरा प्रश्न आहे.

उत्तर शेजारीच सापडतं. पुणे-नाशिक महामार्गावर संगमनेरच्या अलीकडे नारायणगाव आहे. तिथे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आहेत. महाडला पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाबरोबर मण्यार आणि नागाच्या दंशावरही काम केलं, शोधनिबंध लिहिले. दोन्ही ठिकाणं महानगरं नाहीत. सर्पदंशावर उपचार करायला मोठं शहर लागत नाही. लक्षण ओळखणारा डॉक्टर, हाताशी एएसव्ही आणि श्वास देण्याची सोय लागते.

म्हणून आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधी तीन गोष्टी विचारून ठेवा. एएसव्ही शिल्लक आहे का? अँबू बॅग आहे आणि ती वापरता येणारा माणूस रात्री असतो का? पुढे पाठवायची वेळ आली तर व्हेंटिलेटर असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं? ग्रामसभेत हे विचारायला पैसे लागत नाहीत.

घरी काय कराल?

शक्य असेल तर बाजेवर किंवा खाटेवर झोपा. जमिनीवरच झोपायचं असेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. पूर्व नेपाळमध्ये झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीमुळे सर्पदंशाचा धोका कमी झाल्याचं दिसलं होतं. धान्य आणि सरपण झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. रात्री उठताना आधी बॅटरी लावा.

संशय आला तर १०८ ला फोन करा. गाडीची वाट बघण्यात वेळ जाणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. रुग्णाला चालवू नका. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, विष चोखू नका. साप शोधत बसू नका. लाळ गिळता येत नसेल तर पाणी, काढा काहीही पाजू नका, एका कुशीवर झोपवून न्या. देवळात न्यायची श्रद्धा असेल तर ती रुग्ण बरा होऊन घरी आल्यावर पाळा.

आणि दवाखान्यात पोहोचलात की पोटदुखीच्या आधी डॉक्टरांना हे सांगा: "रात्री जमिनीवर झोपला होता, सकाळपासून पापण्या उघडत नाहीत, दोन-दोन दिसतंय."