कोड नाही, म्हणजे आवाज नाही!

सांगलीला फोन केला की गाडीचा विषय निघतोच. आणि मग काकांचं ठरलेलं वाक्य, "तुमचं बरं आहे बाबा. कॉम्प्युटर लावला की काय बिघडलंय ते कळतं. आमचे मिस्त्री अडाणी, इंजिनाला कान लावून बसतात!" हे इतक्या वेळा ऐकलंय की आज भांडायलाच बसलोय.

तर झालं असं. माझी जुनी गाडी सकाळी सकाळी टकटक करायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला की टकटक वाढायची, इंजिन तापलं की गायब. इथे सांता क्लारातच एका चकचकीत गॅरेजमध्ये नेली. पोऱ्याने डॅशबोर्डखाली वायर खुपसली, पडदा पाहिला आणि म्हणाला, "कोड नाही." अहो, पण आवाज येतोय ना! तर त्याने पुन्हा पडदाच पाहिला. शेवटी मॅनेजरचं निदान: रॉडचं बेअरिंग गेलंय, इंजिनच बदला. ४,२०० डॉलर. (कॅलिफोर्नियात कामाआधी लेखी अंदाजपत्रक द्यावं लागतं. अंदाज बरोबर असावा असा मात्र कायदा नाही.)

काका, तो कॉम्प्युटर ज्याचं तुम्हाला कौतुक आहे ना, तो मुळात धुरासाठी आहे. प्रदूषणाला वैतागलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेल्सपासून तो सक्तीचा केला. त्याची आजची आवृत्ती १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींत आली. दुसऱ्या सिलिंडरमध्ये नीट जाळ होत नसेल तर तो बिनचूक पी०३०२ दाखवतो, त्यात वाद नाही. पण सैल नट, झिजलेलं बेअरिंग, वाजणारा पत्रा हे त्याच्या गावीही नसतं. त्याला नॉक सेन्सर नावाचा एक कान आहे खरा, पण तो इंधनाच्या अवेळी स्फोटाचा ठोका तेवढा ऐकतो.

मग मी माझी विद्वत्ता काढली. माझी पीएच.डी. कंपनांवर! आवाज रेकॉर्ड केला, लॅबमध्ये आलेख काढला, सुंदर शिखरं आली आणि कळलं काहीच नाही.

एल कॅमिनो रियालच्या मागच्या गल्लीत एक व्हिएतनामी म्हातारा आहे. त्याने आधी बॉनेट उघडलंच नाही. प्रश्न विचारले. थंड असताना की गरम? गाडी उभी असतानाही येतो का? मग डोळे मिटून बोटाने ठेका धरला. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकच टक. रॉड वाजला तर साधारण प्रत्येक फेरीला वाजतो. दोन फेऱ्यांत एकदा म्हणजे वरचं काहीतरी, टॅपेट नाहीतर एक्झॉस्ट. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टॅपेट तपासले, ठीक. मग रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं एक्झॉस्टच्या जोडावरून फिरवत नेलं. पहिल्या सिलिंडरपाशी थांबला. तिथे काजळीची रेघ होती! गॅस्केटमधून धूर फुसफुसत होता. लोखंड तापून फुगलं की फट बुजायची, म्हणून आवाज बंद. माझ्या आलेखात अर्ध्या वेगाचं ते शिखर ठळक होतं हो, मीच त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

सांगलीला बाबांच्या गाडीला आमचे मिस्त्री हेच करायचे. तोच स्क्रू ड्रायव्हर, तशीच नळी. त्यांचंही चुकायचं, एकदा चांगला क्लच उगाच उतरवला होता. पण चूक कानाची होती, काकांच्या भाषेतल्या अडाणीपणाची नव्हती. आता तिकडेही म्हणे सर्व्हिस सेंटरमध्ये गिऱ्हाईकाला एसीत बसवतात, कॉफी देतात आणि मिस्त्रीशी बोलू देत नाहीत. मग "थंड असताना की गरम?" हे विचारणार कोण, आणि कोणाला? काका, तुम्ही त्या कॉफीला प्रगती म्हणता.

असो. म्हाताऱ्याचं बिल १८० डॉलर, गॅस्केट आणि मजुरी. ऐकण्याचे पैसे त्याने लावले नव्हते. चकचकीत गॅरेजने मात्र 'तपासणी'चे १४० आधीच घेतले होते.