ओल्या बुडाचा बदना

मुलांची दहावी तोंडावर आलेली असताना त्यांना चिखलात हात घालायला लावणारा शिक्षक पालकांना आवडत नाही. आमच्या उर्दू हायस्कूलमध्ये कार्यानुभवाच्या तासाला आम्ही नववीच्या मुलांकडून मातीकाम करून घेतो, तेव्हा दर वर्षी जूनमध्ये दोन-चार वडीलधारी विचारपूस करून जातात. एका साहेबांनी तर ‘मूर्ती तर नाही ना शिकवत?’ असे स्पष्टच विचारले. नाही शिकवत. वाटी, सुरई, बदना आणि भूमितीच्या नक्षीची फरशी, एवढ्यातच वर्षाचे तास संपतात. फरशीवर कंपासने आठ टोकांचा तारा काढताना गणिताचाही थोडा अभ्यास होऊन जातो, हे आम्ही पालकांना आवर्जून सांगतो!

याची सुरुवात बिदरच्या सहलीत झाली. इराणमधल्या गिलानहून आलेला महमूद गावान बहमनी राज्याचा वजीर झाला आणि त्याने बिदरला मदरसा बांधला, तो १४७२ सालचा. पुढे दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग ढासळला. पण उरलेल्या मिनारावर आणि दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरश्यांचे तुकडे अजून चिकटून आहेत. या कामाला काशीकारी म्हणतात, काशान शहराच्या नावावरून. मान वर करून पाहणाऱ्या एका मुलीने विचारले, “सर, ही पण मिट्टीच का?” साडेपाचशे वर्षे ऊन-पाऊस खाऊन रंग टिकवणारी ती मातीच, हे तिला पटेना. परत आल्यावर आम्ही गावातल्या कुंभारमामांकडे गेलो आणि दोन पोती माती घेऊन आलो.

चकाकीच्या फरश्या आमच्या आवाक्यातल्या नाहीत. त्याला वेगळी भट्टी लागते, आणि काही चकाक्यांत शिसे असते, ते मुलांच्या हाती देणे बरे नव्हे. आमची भांडी साधी, मामांच्या आव्यात गोवऱ्यांवर भाजलेली. वर्गात सुकी माती झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण ती बारीक धूळ छातीला वाईट, एवढा एक नियम आम्ही कडक ठेवला आहे.

मागच्या वर्षी मुलांना सांगितले की, घरी विचारून या, पूर्वी आपल्याकडे कोणती मातीची भांडी होती. बहुतेकांनी मटका सांगितला. एका मुलाने बदना सांगितला. तोटीचा मातीचा लोटा, वुजूसाठीचा. आता सगळीकडे प्लॅस्टिकचा आला, त्यामुळे अर्ध्या वर्गाला शब्दच ठाऊक नव्हता. या मुलाच्या दादीचे गुडघे गेलेले. त्या बाजेवर बसूनच वुजू करतात आणि मातीच्या बदन्यातल्या पाण्याची आठवण काढतात. मुलाने ठरवले, दादीसाठी बदना करायचा.

बदना दिसतो तितका सोपा नाही. वळ्यांवर वळ्या रचून पोट उभे करायचे, ते थोडे घट्ट होऊ द्यायचे, मग तोटी जोडायची. जोडाच्या दोन्ही जागी सुईने ओरखडे काढून पातळ चिखल लावला नाही, तर वाळताना तोटी सुटून हातात येते. त्याची दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा बूड मात्र चांगले दोन बोटे जाड झाले होते, लोटा कलंडू नये म्हणून. आम्ही ते पाहिले होते आणि काही बोललो नाही.

२६ जानेवारीला प्रदर्शन होते. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. मामा म्हणाले, “आठ दिस आजून ऱ्हाऊ द्या, गुरुजी.” आम्ही म्हणालो, वरून सगळे कोरडे ठणठणीत आहे, लावा आवा. असरनंतर आवा पेटला. मगरिबच्या सुमारास आतून बंदुकीसारखा एक आवाज आला, मग आणखी एक.

दुसऱ्या दिवशी राख बाजूला केली तर बदन्याचे बूड उडालेले, आणि त्याच्या खापऱ्या लागून शेजारची सात भांडी फुटलेली. मुले चिडली. मुली रडवेल्या झाल्या. आणि आम्ही, वीस वर्षांची नोकरी झालेल्या शिक्षकाने, सर्वांदेखत त्या मुलाला म्हटले, “माती नीट मळली नाहीस. आत हवा राहिली, म्हणून फुटले.” तो काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील दारात उभे. “सर, उसकू मिट्टी के काम से छुट्टी देव.” आम्ही दिली. खरे सांगायचे तर जरा बरेच वाटले.

मामांचे पैसे द्यायला गेलो तेव्हा सहज हवेची गोष्ट काढली. मामा हसले. “हवेला कशापायी दोष देता, गुरुजी? पानी व्हतं त्यात.”

रात्री झोप आली नाही. नववीच्याच विज्ञानात आम्ही शिकवतो की पाणी उकळून वाफ झाली की तिला हजार-दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. जाड बुडाच्या पोटात ओल असेल, वरून जाळ लागला आणि वाफेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर ती बूड फोडूनच बाहेर येणार. हवेचा बुडबुडा नुसता तापून एवढा फुगत नाही. ‘हवा राहिली’ हे आम्ही कधीतरी ऐकले होते आणि तसेच पुढे ढकलले होते.

तरीही खात्री करून घ्यायची होती. आम्ही दोन गोळे केले. एकाच्या पोटात मुद्दाम पोकळी ठेवली, वरून बंद केला आणि तीन आठवडे वाळवला. दुसरा खूप मळून भरीव केला, पण दोनच दिवस वाळवला. मामांच्या पुढच्या आव्यात एका कोपऱ्यात दोन्ही ठेवले, मध्ये विटा लावून, कुणाचे भांडे जाऊ नये म्हणून. पोकळीचा गोळा साबूत निघाला. भरीव गोळ्याच्या खापऱ्या गोळा कराव्या लागल्या.

दोन्ही टेबलावर ठेवून आम्ही वर्गाला सर्व सांगितले. त्या मुलाचे नाव घेऊन माफी मागितली. माफी मागताना आवाज फुटेना, हेही लिहून टाकतो. मुलांना त्याचे फारसे काही वाटले नसावे, त्यांचे लक्ष गोळ्यांकडे होते. एका मुलीने साबूत गोळ्यावर टिचकी मारली, तो खणकन वाजला. ती म्हणाली, “सर, फख्खार!” सूरह रहमानमध्ये माणसाच्या निर्मितीचा उल्लेख आहे, तिथे खणखणणाऱ्या भाजल्या मातीसाठी आलेला शब्द. रोज तिलावत करणाऱ्या मुलीने तो आवाजावरून ओळखला. आम्हाला सुचला नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही मुलाच्या घरी गेलो. वडील वेल्डिंगच्या दुकानातून यायचे होते. दादींनी चहा सांगितला. आम्ही काय झाले ते सांगू लागलो, तर त्या म्हणाल्या की पोराने सगळे आधीच सांगितले आहे, फक्त आपली चूक होती असेच सांगितले आहे. मग वडील आले. त्यांनाही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “जुम्मे के दिन नक्को, बाकी आने देव.”

आता आव्याची तारीख मामा ठरवतात. भांडी आत जाण्याआधी प्रत्येकाचे बूड गालाला लावून पाहायचे. गार लागले तर आत ओल आहे, बाजूला ठेवायचे. हे काम तो मुलगा करतो. नवा बदना त्याने बोटभर बुडाचा केला आहे. मागच्या शनिवारी त्याने अकरा भांडी बाजूला काढली, त्यात एक ताटली आमची होती. आम्ही म्हणालो, वरून तर कोरडी दिसते. त्याने ती पुन्हा गालाला लावली आणि मान हलवून फळीवर ठेवून दिली.