रानडुकरे आणि कुंपणाचे अर्थकारण

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील नांदगाव तालुका हा अवर्षणप्रवण. येथील कोरडवाहू शेतकरी पावसाशी झुंजत मका उभा करतो आणि कणसात दाणा भरू लागताच रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक आडवे करतो. कळप खातो त्याहून अधिक तुडवतो. 2025-26 च्या खरिपासाठी मक्याची आधारभूत किंमत क्विंटलला 2400 रुपये ठरली. पण जे पीक खळ्यावर आलेच नाही, त्याला आधार कशाचा? माळ्यावर रात्री जागून केलेल्या राखणीची मजुरी तरी कोण मोजतो?

यावर सुचविला जाणारा पहिला उपाय कुंपणाचा. सधन शेतकरी ते घालतो. कळप मात्र नाहीसा होत नाही, शेजारच्या उघड्या वावरात वळतो. वैयक्तिक कुंपणासाठी दिलेले अनुदान अशा रीतीने ऐपतदाराचे संकट अल्पभूधारकाच्या बांधावर ढकलते. अगतिक होऊन कोणी तारेत वीज सोडतो. त्यात डुकरांबरोबर माणसेही मरतात.

दुसरा उपाय शिकारीचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 नुसार उभ्या पिकाला धोका झालेल्या रानडुकराला मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतात. परंतु अर्ज, पंचनामा आणि हुकूम यांत हंगाम उलटतो. केरळने 2022 मध्ये हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविला. निर्णय गावाजवळ आणण्याचे ते तत्त्व महाराष्ट्रानेही स्वीकारण्याजोगे आहे. अर्थात, सरसकट कत्तल हा त्याचा अर्थ नव्हे. रानडुक्कर हे बिबट्याचे भक्ष्यही आहे.

तिसरा उपाय विम्याचा. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान 2026 च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. मात्र प्राणी व जिल्हे राज्याने अधिसूचित करावयाचे आणि शेतकऱ्याने 72 तासांत भ्रमणध्वनीवरून छायाचित्रांसह तक्रार नोंदवायची. ज्याच्या नावे सातबारा नाही, असा बटाईदार येथे कोठे उभा राहणार?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. अनुदान सबंध शिवाराच्या सामुदायिक कुंपणाला मिळावे, पंचनाम्याला ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी आणि भरपाई प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या हाती पडावी. कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी गावोगावी ग्रामसभांचे ठराव करून घ्यावेत. पीक आडवे झाल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा पेरणीआधीचा ठराव अधिक मोलाचा ठरेल.